शिक्क्याची डाळ, गावची भाजी

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: घरात दोन लहान मुलं आहेत. दुकानातली सेंद्रिय भाजी साध्या भाजीच्या जवळजवळ दुपटीने पडते आणि पाकिटं कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेली असतात. सासूबाई म्हणतात, बाजारात बसणाऱ्या बायांकडची गावठी भाजी घे, ती सेंद्रियच असते. नवरा म्हणतो, शिक्का नसेल तर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? सगळंच सेंद्रिय घेणं परवडत नाही, मग निवड करायची कशी?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. डाळी, कडधान्यं, पीठ, गूळ, मसाले, म्हणजे जे बाहेरून येतं आणि महिनोन्महिने टिकतं, ते जमेल तेवढं प्रमाणित सेंद्रिय घ्या. पालेभाजी, फळभाजी, कंद, केळी, नारळ हे जवळच्या माणसाकडून, हंगामात आणि विचारून घ्या. आणि चार-पाच भाज्या अशा आहेत की तिथे नुसत्या ‘गावठी’ या शब्दावर विसंबू नका. त्यांच्याबद्दल खाली जास्त लिहितो, कारण घरातली माणसं फसतात ती बहुधा तिथेच.

मी सत्तरी तालुक्यात कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, सांभाळतो, भात कापून झालं की त्याच शेतात वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची, भाजी करतो आणि सेंद्रिय शेतकऱ्यांच्या गटातर्फे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेतांच्या तपासणीलाही जातो. त्यामुळे शिक्का कसा मिळतो आणि शिक्क्याविना भाजी कशी पिकते, दोन्ही रोज बघतो.

पहिलं म्हणजे शिक्का काय सांगतो ते नीट समजून घ्या. आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, ज्याला एनपीओपी म्हणतात. त्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन शेत, नोंदवह्या, बियाणं, खत सगळं तपासते. हंगामी पिकांना दोन वर्षं आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या बागायतीला तीन वर्षं रूपांतराचा काळ धरलेला असतो, म्हणजे आज रासायनिक खत बंद केलं आणि उद्या सेंद्रिय झालो असं होत नाही. दुसरी वाट पीजीएस-इंडियाची. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि गटातलेच शेतकरी एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. पाकिटावर पीजीएस-ग्रीन लिहिलं असेल तर ते शेत अजून रूपांतराच्या वाटेवर आहे, पीजीएस-ऑरगॅनिक असेल तर ती वाट पूर्ण झालेली आहे. १ जुलै २०१८ पासून सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे स्वतंत्र नियम लागू आहेत, आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह त्यातूनच आलं. ‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘केमिकल फ्री’ या शब्दांमागे अशी कुठलीही तपासणी उभी नसते. पाकीट उलटं करून बघा: जैविक भारत, एनपीओपी किंवा पीजीएस यांपैकी चिन्ह, प्रमाणपत्राचा क्रमांक, पॅकिंगची तारीख. हे नसेल तर वर हिरवं पान छापलेलं असलं तरी जास्तीचे पैसे मोजू नका.

तुमच्या यजमानांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. याच नियमांत लहान शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलेल्या मालाला प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे मार्दोळच्या वाटेवर पाटी घेऊन बसलेल्या बाईकडे कागद नसला म्हणजे ती काही लपवते आहे असा अर्थ होत नाही. तिच्याकडे कागद असायचं कारणच नाही. तिच्या बाबतीत कागदाच्या जागी तुमचा प्रश्न येतो.

शिक्क्याला मर्यादाही आहेत. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं नव्हे. आमच्या सुपारीवर पावसात कोळेरोग येतो. त्यासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारतात. तांब्याची ही फवारणी मर्यादेत राहून सेंद्रिय शेतीतही चालते. गंधक चालतं, निंबोळी अर्क चालतो. पोषणाचं म्हणाल तर २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जीवनसत्त्वांत ठळक फरक आढळला नाही, पण कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय मालात कमी निघाले. २०१४ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी दिसलं, आणि अंशांच्या बाबतीत निष्कर्ष त्याच दिशेचा होता. लहान मुलांच्या आईने यातून घ्यायचं ते एवढंच: सेंद्रियचे पैसे द्यायचे ते विषाचे अंश टाळण्यासाठी, जास्त ताकदीच्या भाजीसाठी नाही.

ताकद म्हणाल तर ती ताजेपणात असते, पालेभाजीत तर फारच. काढल्यावर उन्हात आणि उष्म्यात पालेभाजीतलं ‘क’ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं. सकाळी उपटलेली तांबडी भाजी दुपारी तुमच्या कढईत पडते. थंड पेटीतून चार दिवसांचा प्रवास करून आलेला सेंद्रिय पालक तिची बरोबरी करू शकत नाही, शिक्का कितीही खरा असला तरी. डाळीचं तसं नसतं. तूरडाळ गोव्यात पिकत नाही, ती बाहेरूनच यायची, आणि पिकवणारा तुम्हाला कधी भेटायचा नाही. तिथे तुमच्या वतीने शेत बघून आलेला कोणीतरी हवा, ते काम शिक्का करतो. म्हणूनच पिकवणारा दूर आणि माल टिकाऊ असेल तर शिक्का. पिकवणारा जवळ आणि माल नाशवंत असेल तर ओळख. मी स्वतः घरात असंच घेतो.

आता ‘जवळचा’ म्हणजे कुठला? गोव्यातली बरीचशी रोजची भाजी बेळगावकडून घाट उतरून येते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दरात मिळणारी भाजीही मोठ्या प्रमाणात तिकडचीच. ती वाईट असते असं मी म्हणत नाही, ती आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पिकते आणि एका रात्रीत पोचते. हिमाचलातून किंवा उत्तराखंडातून आलेल्या पाकिटापेक्षा ती कितीतरी जवळची. पेडण्याच्या माणसाला बांद्याचा शेतकरी काणकोणच्या शेतकऱ्यापेक्षा जवळ पडतो, मधे राज्याची हद्द असली म्हणून काय झालं? हद्द धरून बसू नका, तासांचा हिशेब करा. फक्त बेळगावचा माल ‘गावठी’ म्हणून गावठीच्या दराने विकला जात असेल तर तो देऊ नका.

आणि हे होतं. बाजारात पाटी घेऊन बसलेली प्रत्येक बाई पिकवणारी नसते. काही जणी पहाटे घाऊक माल उचलून विकायला बसतात. त्यांचंही पोट आहे, पण तुम्हाला माहीत हवं. ओळखायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे हंगाम. भर जुलैत कोणी गावठी फ्लॉवर किंवा गावठी टोमॅटो म्हणून दिला तर तो गावठी नाही; आपल्या पावसात ती पिकं उघड्यावर तगत नाहीत. त्या दिवसांत गावचं म्हणजे डोंगरउतारावरच्या मळ्यांतली तवशी, दोडकी, कारली, भेंडी, चिबूड, आणि रानातून आलेली तायकिळा, कुर्डू, फागलां, अळू, किल्ल. चतुर्थीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांच्या, बाजारात हे सगळं एकाच जागी दिसतं. मुलांना घेऊन एकदा तो बाजार हिंडा, गोव्याचा पावसाळी हंगाम पाठ होईल. नोव्हेंबरपासून वायंगण सुरू होतं: तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, अळसांदे, नवलकोल. एप्रिल-मेमध्ये माळांत विणलेला गावठी कांदा येतो. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, तो आणि खोला किंवा हरमलची मिरची घेऊन ठेवा. दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि खोल्याची मिरची तर काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावरच होते.

दुसरी खूण म्हणजे पाटीतला माल. पिकवणाऱ्या बाईच्या पाटीत एकच भाजी ढिगाने नसते. दोन-तीन जुड्या तांबडी भाजी, थोडे मुळे, चार आकारांची वांगी, एखादं केळफूल, पिशवीत नीरफणस, असं थोडं थोडं असतं, कारण ते एका घराच्या परसातून आणि एका शेतातून आलेलं असतं. जुडीच्या मुळांना लाल माती चिकटलेली असते. सगळी वांगी एका मापाची, चकचकीत, क्रेटमधून काढलेली दिसली तर ती कुठून आली हे वेगळं विचारायला नको.

आता त्या चार-पाच भाज्या. भेंडी, वांगी, मिरची, काकडी आणि शेंगा. यांच्यात समान काय? ही पिकं एकदा काढून संपत नाहीत, पुन्हा पुन्हा तोडावी लागतात. भेंडी तर दिवसाआड. कीटकनाशकाच्या बाटलीवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं, काहींना तीन, काहींना आठवडा, काहींना त्याहून जास्त. दिवसाआड तोडायच्या भेंडीवर आठवडाभर थांबायचं औषध मारलं, तर तो शेतकरी मधल्या तीन तोडण्या फेकून देणार का? फार थोडे देतात. म्हणून अंश राहतात, मग शेत बेळगावात असो वा माझ्या वाड्यावर. इथे अंतर मदत करत नाही.

वांग्याचं उदाहरण जरा जवळून सांगतो. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही वांग्याची खरी वैरीण. सकाळी शेतात गेलं की एखाद्या झाडाचा कोवळा शेंडा मान टाकून लोंबताना दिसतो, बाकी झाड ताठ. तो शेंडा बोटभर खाली कापून उभा चिरला की आत पांढुरकी-गुलाबी अळी आणि मागे तिची विष्ठा. हीच अळी नंतर फळात शिरते, शिरल्यावर भोक बुजतं आणि वरून वांगं साजूक दिसतं. एकदा आत गेल्यावर वरून मारलेलं औषध तिला लागत नाही, म्हणून घाबरलेला शेतकरी ती आत शिरायच्या आधीच, पुन्हा पुन्हा फवारत राहतो. जो फवारत नाही तो रोज फिरून मान टाकलेले शेंडे कापतो, अळीसकट जाळतो किंवा पुरतो, आणि नरपतंगांसाठी कामगंध सापळे लावतो. कष्टाचं काम आहे, मजुरीने करवून घेणं परवडत नाही, घरचं माणूसच करतं. तेव्हा वांगी विकणाऱ्या बाईला विचारा, “शेंडे सुकतात तेव्हा काय करता?” जी स्वतः शेतात जाते ती लगेच सांगेल, कापतो म्हणेल किंवा औषध मारतो म्हणेल, किती दिवसांनी तोडतो तेही सांगेल. जिला प्रश्नच कळला नाही तिने ती वांगी पिकवलेली नाहीत. आगशीची मोठी वांगी भरतासाठी घेता तेव्हाही हाच प्रश्न. त्यांनाही भौगोलिक मानांकन आहे, पण ते त्या वाणाचं आणि त्या मातीचं, फवारणी न केल्याचं नाही.

“सेंद्रिय आहे का?” असं मात्र विचारू नका. त्याला सगळ्यांचं उत्तर “हो” असतं, आणि त्यात खोटेपणा असतोच असं नाही. शेण घातलं म्हणजे सेंद्रिय असं पुष्कळांना मनापासून वाटतं. किडीला काय करता, खत कुठलं, पाणी कुठलं, हे तीन प्रश्न विचारा. पाण्याचा प्रश्न शहराजवळच्या पालेभाजीसाठी महत्त्वाचा, कारण सांडपाण्याच्या नाल्यावर वाढलेला मुळा गावचा असला तरी मुलांना देण्याजोगा नाही. डिचोली, सत्तरी, सांगेच्या काही भागांत खाणीची माती पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरलेली आहे, तिथे शेताची जागाही विचारावी. जवळचं म्हणजे आपोआप स्वच्छ, या समजुतीला आमच्या गोव्यात जागा नाही, आणि हे मी इथल्या शेतीवर जीव असूनच म्हणतो.

या पाच भाज्यांसाठी खात्रीचा माणूस नाही मिळाला तर सेंद्रिय घ्या, किंवा कमी घ्या. कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची आणि द्राक्षं यांनाही हेच. धुण्याने वरचे अंश बरेच जातात. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, काकडी सोलून घ्या. पण काही औषधं आंतरप्रवाही असतात, ती झाडाच्या रसात भिनतात, त्यांना धुणं पोचत नाही.

उलट खालच्या गोष्टींवर सेंद्रियचा जादा पैसा घालवू नका: नारळ, फणस, नीरफणस, सुरण, काणगां आणि माडी हे कंद, शेवगा, केळफूल, कच्ची पपई, कोकम, बिंबल. आमच्याकडे यांच्यावर सहसा कोणी काही फवारत नाही, फवारायची गरजच पडत नाही. तांबडी भाजीही पंचवीस-तीस दिवसांत उपटून मोकळी होते, किडीला बस्तान बसवायला वेळच मिळत नाही. या बाबतीत तुमच्या सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

काजूगराचं वेगळं. गोव्यातल्या बहुतेक काजूबागा डोंगरावर, खताफवारणीविना उभ्या असतात. पण गोव्यातल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आणलेल्या बियाही फोडल्या जातात, आणि पर्यटकांच्या दुकानात सगळंच ‘गोव्याचा काजू’ म्हणून विकलं जातं. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारणाने फार गरजेचं होतं. घरासाठी घेताना चिन्ह बघून किंवा ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या.

तांदळाबद्दल लोकांचा गैरसमज असतो की गावठी उकडे म्हणजे बिनखताचे. इथल्या शेतांत आज ज्योती आणि जया हीच वाणं जास्त, आणि त्यांना युरिया दिला जातो. खाजन जमिनीतलं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतातलं, कोरगूट मात्र निराळं. खारं पाणी सोसणारं हे जुनं वाण नदीच्या गाळावर होतं, त्याला खत-औषध देण्याची रीत नाही. कमी पिकतं, म्हणून महाग. मिळालं तर थोडं का होईना, अवश्य घ्या. पेजेला त्याच्यासारखं दुसरं नाही. बांध फुटल्याने आणि शेतं पड टाकल्याने ही खाजनं डोळ्यांदेखत जात आहेत, आणि गिऱ्हाईक असलं तरच एखादं कुटुंब अजून एक वर्ष मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, आणि बांध सांभाळतं.

मानकुराद आंब्याला विचारायचं ते पिकवण्याचं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे, इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत चालतो. घरी गवतात अढी घालून पिकवलेला आंबा सगळा एकदम, एकसारखा पिवळा होत नाही. शक्य असेल तर हिरवेच आंबे आणा आणि अढी घरी घाला, मुलांना त्यातही मजा येते.

पर्यावरणाचा विचार करून ‘जवळचं तेच चांगलं’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २००८ साली अमेरिकेतल्या घरांच्या अन्नाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा अन्नापायी होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के निघाला. मोठा वाटा शेतात पिकवण्याच्या पद्धतीचा होता. तेव्हा ट्रकचे किलोमीटर एवढाच निकष धरणं पुरेसं नाही. मी जवळच्या मालाची बाजू घेतो ती दुसऱ्या कारणाने. २०१८ च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गोव्यात गदारोळ झाला, तेव्हा प्रत्येक घरात एकच प्रश्न होता: हे आलं कुठून, कोणाच्या हातून? पिकवणारा समोर असेल तर हा प्रश्न विचारायला वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नाही. आणि इथल्या शेतकऱ्याला गिऱ्हाइकाची फार गरज आहे. गवारेडे, रानडुकरं, माकडं, वाढलेली मजुरी, आणि शेजारच्या शेताला आलेला प्लॉटचा भाव या सगळ्यांना तोंड देत तो मुळ्याची जुडी विकतो. ती दहा रुपयांनी महाग वाटली तर एवढं लक्षात असू द्या.

आता तुमच्या खर्चाचं. महिन्याच्या किराण्यात तूरडाळ, मूग, चणे, गव्हाचं पीठ, हळद आणि गूळ एवढं प्रमाणित सेंद्रिय करा. ही रोजच्या पोटात जाणारी आहेत आणि मोठ्या पाकिटात घेतली की दरातला फरक कमी होतो. भाजीसाठी फोंड्याच्या बाजारात किंवा जमलं तर शुक्रवारी म्हापशाला सकाळी लवकर जा, आठनंतर पिकवणाऱ्या बाया बऱ्याचदा माल संपवून उठलेल्या असतात. दोघी-तिघी हेरा, त्यांच्याकडूनच घेत जा. ऑक्टोबरात, वायंगणाची पेरणी व्हायच्या आधी, त्यांना सांगून ठेवा की तुम्हाला दर आठवड्याला किती भेंडी, किती वांगी लागतील, फवारणी नको, आणि त्यापायी एखादं कीडकं निघालं तरी तुम्ही भाव पाडणार नाही. शेजारच्या दोन घरांनाही बरोबर घ्या, म्हणजे त्या बाईला तेवढ्यासाठी वेगळा वाफा लावणं परवडेल. भाव हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि बाजारात आवक वाढून दर पडले तरी तोच द्या. फवारणी टाळून शेंडे कापत बसणारं माणूस तेवढ्याच भरवशावर टिकतं.